येवला, २४ मार्च २०२०: पाडव्याचा आदला दिवस

सकाळी ७
मंगळवार. उद्या गुढीपाडवा. नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटरवरच्या येवल्यात एरवी या दिवशी पैठणीच्या दुकानांत उभं राहायला जागा नसायची. आज शटर खाली आहेत. करोनामुळे काल राज्यभर संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. शिर्डीचं साईमंदिर १७ तारखेलाच बंद झालं, तेव्हापासून वाट वाकडी करून पैठणी बघायला येणारे भाविकही नाहीत.

सकाळी ९
माग मात्र घरातच असतो. विणकर उंबरा न ओलांडता मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पदर चालू असेल तर धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ धावत नाही. ताण्याचे धागे बोटांनी मोजायचे, हिरव्याची कांडी तेवढ्याच धाग्यांतून न्यायची, शेजारच्या जरीत गुंतवून परत आणायची, मग लाल, मग जांभळा. सगळे रंग आपापल्या जागी गेले की फणीचा ठोका. झाली एक ओळ. असं विणल्यामुळेच खऱ्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. भरीव पदराच्या साडीला महिने लागतात ते याच मोजणीमुळे.

सकाळी ११
एक धागा जास्त मोजला गेला की पदरावरच्या मोराची मान कलते. ते त्याच ओळीत कळत नाही, पुढच्या काही ओळी चढल्यावर नजरेला टोचतं. मग उकलायचं. विणण्यापेक्षा उकलणं जड, कारण बारीक रेशमाचे तंतू सुटतात आणि जरीची तार दुसऱ्यांदा वाकवली की तिची चमक जाते. संयम हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो, असं मला मागाशेजारी उभं राहिलं की वाटतं.

दुपारी १
ताण्याचा धागा तुटतो. सांधायचा, पुढे जायचं.

दुपारी ४
मुनियेच्या काठात हिरव्या राघूला लाल चोच बसते. नखाएवढी जागा, मोजके लाल फेरे. पण तोवर नुसता हिरवा ठिपका असलेला तो पक्षी त्या क्षणी पक्षी होतो. घरातलं कुणीतरी वाकून बघतं. दिवसाची ही खरी कमाई, आणि ती रोकड नाही. व्यापाऱ्याकडून रेशीम-जर घेऊन मजुरीवर विणणाऱ्याचा पुरा हिशेब साडी मागावरून उतरल्यावर होतो. अर्ध्या साडीला बाजारात किंमत नसते.

संध्याकाळी ६
मोबाईलवर निरोप फिरतो: आठ वाजता पंतप्रधान बोलणार.

रात्री ८
घोषणा होते. मध्यरात्रीपासून सगळा देश बंद, २१ दिवस.

रात्री १०
आता घरात काय शिल्लक आहे ते बघायचं. रेशीम येतं बंगळुरूकडून, जर सुरतेहून, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईहून. या तिन्ही वाटा येवल्याबाहेर जातात. ताणा चढलेला आहे तोवर हात चालतील. कांड्या संपल्या की थांबतील. साडी पुरी झाली तरी ती उचलायला कुणी येणार नाही.

रात्री १२
बंदी लागू. मागाला हात लावायला कुणाची मनाई नाही, आणि हीच या आपत्तीची सर्वांत क्रूर बाजू, असं माझं मत आहे: काम करता येत होतं, पण त्याचं मोल मिळण्याची सोय उरली नव्हती. पुढे २१ दिवसांनीही बंदी उठली नाही. १४ एप्रिलला ती ३ मेपर्यंत वाढली, मग १७ मेपर्यंत, मग ३१ मेपर्यंत. २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया त्यात गेली आणि उन्हाळ्यातली लग्नसराईही. येवल्याचा विणकर वर्षभराचं गणित ज्या दिवसांवर मांडतो, ते हेच दिवस.