रेवसची बोट कुणाची?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच मी आजवर कितीतरी वेळा पकडली आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ही लाँच म्हणजे पाण्यावरचा वर्गच वाटतो. बाकावर मासळी विकून परतणाऱ्या कोळणी असतात, अलिबागकडचे चाकरमानी असतात, मोटारसायकल चढवून आणलेले तरुण असतात. गप्पा निघतात त्या पुलाच्या, बंदराच्या आणि जमिनीच्या भावाच्या. आणि थोड्या वेळाने कुणीतरी विचारतंच, "पण कंपनी कुणाची? आपली की बाहेरची?"

परदेशी गुंतवणुकीचा हा प्रश्न १९९१च्या उदारीकरणानंतर आला, असं आपण समजतो. रेवसच्या धक्क्यावर तो शंभर वर्षांपूर्वीही विचारला जात होता. त्याचं उत्तरही कोकणाने आपल्या परीने दिलं होतं. त्या उत्तरात काय साधलं आणि काय राहून गेलं, त्याची ही हकिकत.

रेवस हे धरमतर खाडीच्या तोंडावरचं गाव. समोरच्या तीरावर उरणचं करंजा. वाफेची बोट येण्याआधी इथली सगळी वाहतूक मचव्यांची आणि पडावांची. वारा पडला की तांडेल वाट बघत बसे. ओहोटी लागली की खाडीत थांबावं लागे. मुंबईला आज निघालेला माणूस कधी पोहोचेल, ते दर्यालाच ठाऊक. वाफेच्या बोटीने मोठी गोष्ट आणली ती वेगापेक्षा वेळापत्रकाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या बोटी मुंबई आणि धरमतरच्या दरम्यान येजा करू लागल्या. पुढे १९०६मध्ये बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि तिचा कारभार किलिक निक्सन या इंग्रज पेढीकडे आला. भांडवल परकं, इंजिन परकं. पण गिरणीतला माणूस सणाला घरी जाऊ लागला आणि इकडची मासळी, भाजीपाला ठरल्या वेळी मुंबईच्या बाजारात पोहोचू लागला. हा लाभ खोटा नव्हता.

मग हे तंत्र आपल्याला जमणारं नव्हतं का? ह्यू लिंडसे ही वाफेची बोट मुंबईच्याच गोदीत बांधली गेली आणि १८३०मध्ये ती मुंबईहून सुएझला जाऊन पोहोचली. इंजिन विलायतेचं, पण सांगाडा इथल्या कारागिरांनी घडवलेला. जहाजबांधणीसाठी नाव कमावलेल्या वाडिया घराण्यातले अर्देशीर करसेटजी वाफेच्या यंत्रात इतके पारंगत झाले, की १८४१मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. म्हणजे शिकणारे हात आणि डोकं इथे होतं. नव्हतं ते त्या हातांना काम देणारं धोरण. सरकार परकं, मोठ्या मागण्या विलायतेला जाणार, आणि लाकडी जहाजांचा काळ संपून लोखंडी जहाजांचा आला तेव्हा मुंबईची गोदी मागे पडली. नवं तंत्र येऊन पोहोचणं आणि ते मुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वदेशीची चळवळ आली. दक्षिणेत तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली. कोलंबोच्या मार्गावर त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या ब्रिटिश कंपनीने भाडं इतकं उतरवलं, की नव्या कंपनीचा श्वास कोंडला. १९०८मध्ये पिल्लै राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले आणि पुढे कंपनीही बुडाली. कोकणातही स्वदेशीच्या विचाराने एक सहकारी जहाज कंपनी उभी राहिली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पण कोकणी माणूस तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणे. या दोन शब्दांत स्वदेशीचं अख्खं अर्थशास्त्र आलं: बोट माझी आहे, नफाही माझ्या मुलखात राहणार आहे. बोटींची नावंही घरातली, तुकाराम आणि रामदास. गोव्याकडच्या प्रवाशांसाठी सेंट झेवियर.

इथेही दरांची झुंज लागली. मोठ्या कंपनीच्या हातात दोन शस्त्रं असत. एक म्हणजे भाडं उतरवून छोट्याला दमवणं. दुसरं अधिक हुशारीचं. व्यापाऱ्याने सगळा माल आपल्याच जहाजांतून पाठवला, तर भाड्याचा काही भाग काही महिन्यांनी परत करायचा. मधल्या काळात त्याने दुसऱ्याच्या जहाजाला हात लावला, तर ती सूट गेली. व्यापारी आपोआप बांधला जाई. १९२८मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचं विधेयक मांडलं, ते या पार्श्वभूमीवर. १९१९मध्ये स्थापन झालेल्या सिंदिया कंपनीचे वालचंद हिराचंद याच मागणीसाठी झगडत होते. विधेयकाचा कायदा झाला नाही, पण मागणी विरली नाही.

आता त्या दिवसाकडे यावं लागतं. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गुरुवार होता आणि आषाढी अमावस्या, म्हणजे गटारी. श्रावण लागण्याआधी घरी पोहोचायचं म्हणून माणसं सकाळीच भाऊच्या धक्क्यावर जमली होती. रामदास बोट रेवसला निघाली. इंग्लंडातल्या स्वॉन हंटर कंपनीच्या गोदीत १९३६मध्ये बांधलेली ही बोट तेव्हा काही फार जुनी नव्हती. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं होती. बंदराबाहेर पडल्यावर पाऊस आणि वाऱ्याने गाठलं. काशाच्या खडकाजवळ लाटेचा तडाखा बसला, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, बोट कलंडली आणि थोड्याच वेळात दिसेनाशी झाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईकडे मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपला माल सोडून दिला आणि जी माणसं हाताला लागली ती मचव्यांत ओढून घेतली.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. सकाळी बुडालेल्या बोटीची खबर मुंबईला कळायला दुपार उलटून गेली, तीही वाचून किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. अलिबाग-रेवसच्या पट्ट्यातल्या घरांत तोवर जेवणाची पानं वाढून वाट बघणं चालू होतं.

याच किनाऱ्यावर त्याआधी, नोव्हेंबर १९२७मध्ये, जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. वीस वर्षांचं अंतर, आणि तरीही बिनतारी यंत्राची सक्ती व्हायला रामदास जावी लागली.

मी विद्यार्थ्यांना हे सांगतो तेव्हा ते विचारतात, "सर, मग चूक कंपनीची?" त्यांना मी एक साधी गोष्ट सांगतो. तिकिटाच्या खिडकीवर दर दिसतो. बिनतारी यंत्र दिसत नाही. दोन कंपन्यांत स्पर्धा लागली की दर उतरतो, कारण प्रवासी दर बघून बोट निवडतो. जे त्याला दिसतच नाही, त्यासाठी स्पर्धा होत नाही. जी कंपनी यंत्रावर पैसा घालेल तिचं तिकीट महागणार आणि प्रवासी दुसरीकडे जाणार. म्हणून अशी गोष्ट सगळ्यांवर सारखी बांधणारा नियम लागतो. मालक इंग्रज असो की आपला, हा हिशेब बदलत नाही. 'माझी' या शब्दाने नफा कुठे जातो ते ठरलं. माझा जीव कसा राखला जाईल, ते ठरलं नाही.

स्वातंत्र्यानंतर मालकीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. १९५०मध्ये किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचं धोरण सरकारने स्वीकारलं, आणि १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्याने परदेशी जहाजाला परवान्याची अट घातली. पुढची चाळीसेक वर्षं परकं भांडवल म्हणजे संकट, अशी आपली धारणा राहिली. १९९१नंतर ती उलटली आणि परकं भांडवल म्हणजे प्रगती, असं आपण म्हणू लागलो.

अर्थशास्त्रातलं संशोधन या दोन्ही टोकांना साथ देत नाही. व्हेनेझुएलातल्या कारखान्यांचा एटकिन आणि हॅरिसन यांनी केलेला अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. परकं भांडवल आलं तिथल्या स्थानिक कारखान्यांची उत्पादकता वाढण्याऐवजी घटल्याचं त्यांना दिसलं. २००४मध्ये बियाता याव्होर्चिक यांनी लिथुआनियाची आकडेवारी तपासली. तिथे परदेशी कंपन्यांना माल पुरवणारे स्थानिक कारखाने सुधारले होते, तेही मुख्यतः जिथे परदेशी कंपनीत स्थानिक भागीदार होता तिथे. मिळून अर्थ असा, की शेजारी परदेशी कारखाना आला म्हणून कुणी शहाणं होत नाही. त्याच्याशी देवघेव जुळली, तर होतं. अर्देशीर करसेटजींच्या गोदीची गोष्ट हीच सांगते.

रेवसच्या समोरच्या बाजूला, उरण तालुक्यातच, याचा पडताळा आहे. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९मध्ये सुरू झालं. तिथे पी अँड ओ या परदेशी कंपनीच्या गुंतवणुकीतून देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल १९९९मध्ये चालू झालं. जहाजं लवकर रिकामी होऊ लागली, आणि शेजारच्या सरकारी टर्मिनललाही हात चालवावे लागले. पण त्याआधी, १९९७मध्येच, बंदरांचे दर ठरवणारं प्राधिकरण नेमलेलं होतं. भांडवल आलं तेव्हा नियम दारात उभा होता.

उलट उदाहरणही याच जिल्ह्यातलं. २००५च्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या कायद्यानंतर पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांत महामुंबई सेझ आखला गेला. इथे भांडवल देशीच होतं. तरीही शेतकऱ्यांनी नकार दिला. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेणमधल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत जिल्हा प्रशासनाला मतदान घ्यावं लागलं. कौल बहुतांशी विरोधात गेला आणि प्रकल्प उभा राहिला नाही. धरणाचं पाणी आमच्या शेताला मिळायचं होतं, ते जमिनीसकट दुसऱ्याला का, हा त्यांचा प्रश्न होता. 'कंपनी कुणाची' याच्या पुढे जाऊन 'आम्हाला विचारलं का' असं त्यांनी विचारलं. आपल्या धोरणाच्या इतिहासात मला हे मोठं पाऊल वाटतं.

आज रेवस पुन्हा बदलाच्या उंबरठ्यावर आहे. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०च्या सुमारास, बोलला गेलेला रेवस-करंजा पूल आता मार्गी लागतो आहे. शेजारच्या मांडव्याला २०२०पासून गाड्या वाहणारी रो-रो बोट येते. ती ग्रीसमध्ये बांधलेली. पूल झाल्यावर आमची लाँच राहील की नाही, ठाऊक नाही. पैसा कुठूनही येवो, तो येईलच.

पण १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मुंबई बंदरात नीलकमल ही प्रवासी बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली. पंधरा माणसं गेली. बोटीवर क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. नियम पुन्हा एकदा मृत्यूच्या मागून आला.

म्हणून लाँचमध्ये कुणी विचारलं, "कंपनी कुणाची?" की मी म्हणतो, विचारा, जरूर विचारा. पण त्याच्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारा. नियम कुणाचा? आणि तो पाळला जातो की नाही, हे बघायला धक्क्यावर कोण उभं आहे? काशाच्या खडकाच्या बाजूला नजर गेली, की बाकावरची म्हातारी माणसं आजही नकळत हात जोडतात. त्यांच्यापैकी कुणी बोट कुणाच्या मालकीची होती, हे सांगत नाही. घरातलं कोण गेलं, ते सांगतात.