काच कुणाच्या कपाटात?

पर्यटन मंडळ, हॉटेल किंवा मासिकासाठी फिरून फोटो काढायचे काम ठरत असते, तेव्हा बोलणी बहुधा एकाच प्रश्नापाशी घुटमळतात: दिवसाचे किती? या धंद्याचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न दुय्यम ठरतो. छायाचित्रकार सुस्थितीत राहिला की पुढच्या कामासाठी वणवण करीत राहिला, हे दिवसाच्या दरावर फारसे ठरले नाही. काम संपल्यावर निगेटिव्हची काच कुणाच्या कपाटात गेली आणि तिच्यावरून पुढची प्रत काढण्याचा हक्क कुणाकडे उरला, यावर ते ठरले. आपल्याकडच्या सुरुवातीच्या कामांतच हे दिसते. मुंबई सरकारने १८५५ मध्ये तोफखान्यातले कॅप्टन थॉमस बिग्ज यांना पश्चिम भारतातल्या जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढण्यासाठी नेमले. पलटणीने त्यांना लवकरच परत बोलावले आणि ते काम डॉ. पिगू यांच्याकडे गेले. विजापूर आणि धारवाडकडच्या वास्तूंची ही चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी भव्य ग्रंथांत छापली. त्यांचा खर्च प्रेमचंद रायचंद आणि करसनदास माधवदास या मुंबईच्या शेठांनी उचलला होता. छायाचित्रकारांची नावे शीर्षकपानावर आली, पण काम सरकारी चाकरीतले असल्याने ग्रंथ केव्हा निघावेत, कितीला विकावेत, यात त्यांचा शब्द नव्हता. मद्रासेत सरकारी छायाचित्रकार लिनियस ट्राइप यांच्यावर तर याहून वाईट वेळ आली. गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी काटकसरीसाठी त्यांचे खातेच गुंडाळले.

त्याच दशकात सॅम्युएल बोर्न यांनी उलटी वाट धरली. ते १८६३ मध्ये भारतात आले आणि त्यांनी हिमालयाच्या तीन मोहिमा केल्या त्या कुणाच्या हुकमावरून नव्हे, तर स्वतःच्या धंद्यासाठी. तेव्हाचे तंत्र ओल्या काचेचे होते. जागेवरच तंबूत अंधार करायचा, काचेवर कोलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि लेप सुकायच्या आत चित्र घेऊन धुऊनही टाकायचे. काचा, रसायने, तंबू हे सगळे हमालांच्या पाठीवर. १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीत त्यांनी याच पद्धतीने काम केले. खर्च आणि धोका दोन्ही त्यांचेच. म्हणून काचाही त्यांच्याच. त्यांनी त्यांना क्रमांक देऊन सूची केली, आणि १८७० मध्ये ते मायदेशी परतल्यावरही ‘बोर्न अँड शेफर्ड’ हा त्यांचा स्टुडिओ त्याच काचांवरून प्रती विकत राहिला. कोलकात्यातला हा स्टुडिओ १९९१ च्या आगीत जुना संग्रह गमावूनही २०१६ पर्यंत चालला.

बोर्न यांच्याकडे भांडवल होते, नोकरदाराला हे कसे जमायचे, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर लाला दीनदयाळ देतात. ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८८२ मध्ये ब्रिटिश अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारताचा दौरा केला आणि त्या चित्रांवर १८८६ चा ग्रिफिन यांचा ग्रंथ उभा राहिला. तरीही स्वतःच्या काचांचा साठा त्यांनी जमवला, तो विकता येतो हे ओळखले आणि नोकरी सोडली. पुढे निजामाचा आश्रय, सिकंदराबादचा स्टुडिओ आणि १८९६ मध्ये मुंबईतली शाखा. निजामाच्या दरबारचे मानधन मोठे होते हे खरे, पण दरबार मेहेरबान असेतोवरच मानधन चालते. काचा मात्र धन्यामागेही टिकल्या. त्यांतल्या अडीच हजारांहून अधिक आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

कायद्याने मात्र दीर्घकाळ काम सांगणाऱ्याची बाजू घेतली. ब्रिटनच्या १८६२ च्या कायद्यानुसार, पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, लेखी करार वेगळा नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जाई. हेच तत्त्व १९११ च्या कायद्यातून १९१४ मध्ये आपल्याकडे आले आणि १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये आजही आहे. याच्या समर्थनार्थ म्हटले जाते की, घरच्या समारंभाचे फोटो छायाचित्रकाराने कुठेही छापावेत हे कुणाला रुचेल? आक्षेप रास्त आहे. पण घरगुती फोटोचा नियम किल्ल्याच्या किंवा घाटाच्या चित्राला लावायचे कारण नाही. ब्रिटनने १९८८ मध्ये दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या: हक्क छायाचित्रकाराचा, आणि खासगी फोटो काढवून घेणाऱ्याला तो प्रसिद्ध होऊ न देण्याचा स्वतंत्र अधिकार.

अमेरिकेत हीच लढाई संघटनेच्या बळावर लढली गेली. मासिकांच्या छायाचित्रकारांनी १९४४ मध्ये न्यूयॉर्कात संघटना काढली आणि पन्नाशीच्या दशकात दिवसाला किमान १०० डॉलरचा दर मान्य करवून घेतला. त्या दरात एकदा छापण्याचाच हक्क होता, ही त्यातली खरी मेख. १९४७ मध्ये कापा, कार्तिए-ब्रेसाँ, सेमूर आणि रॉजर या छायाचित्रकारांनी ‘मॅग्नम’ ही संस्था स्थापन केली तीही याच अटीवर. मासिक काम देईल, हक्क चित्र काढणाऱ्याचा राहील. ‘हॉलिडे’सारखे प्रवासाचे मासिक एका दौऱ्याचा खर्च देई, आणि तीच चित्रे मॅग्नमला दुसऱ्या देशांतल्या मासिकांना पुन्हा विकता येत.

विमान, हॉटेल, गाडी सगळे ग्राहक देतो, मग चित्रे त्याची का नाहीत, हा नेहमीचा सवाल. त्याचे उत्तर हिशेबातच आहे. प्रवासखर्च हा खर्च आहे, तो वेगळा लावावा. दिवसाचा दर ही मेहनतीची किंमत आहे. आणि वापराचा हक्क ही तिसरी वस्तू. ग्राहकाला हंगामापुरती जाहिरात करायची असेल तर त्याने कायमचा हक्क मागू नये, आणि मागितलाच तर त्याची वेगळी किंमत मोजावी. मोबाइलच्या काळात फोटो फुकट मिळतात, ही सबब तर उलट बाजूलाच जाते: दिवसाचा दर घसरणार असेल तर छायाचित्रकाराच्या हाती हक्काशिवाय उरतेच काय?

म्हणून तोंडी बोलीवर निघू नये. कराराच्या पहिल्याच ओळीत हक्क छायाचित्रकाराचा असे लिहून घ्यावे, मग ग्राहकाला कोणता वापर, किती काळ, कोणत्या प्रदेशात, हे ठरवावे. हक्क देऊन टाकायचाच असेल तरी मुदत लिहावी. हस्तांतराच्या करारात ती लिहिली नसेल तर आपला कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश भारतापुरता मानतो. पण काहीच लिहिले नाही, तर पैसे देऊन काढवून घेतलेले चित्र पहिल्या दिवसापासून ग्राहकाचेच असते.