कृत्रिम दंतपंक्तीचा पूर्वेतिहास : जयचंद्राचे दांत व रत्नागिरीचा खलबत्ता

कृत्रिम दांत बसविण्याची विद्या आपल्या देशांत बाराव्या शतकांतच पूर्णत्वास पोंचली होती, आणि कनोजचा राजा जयचंद्र रणांत पडला तेव्हां त्याचें प्रेत त्याच्या कवळीवरूनच ओळखलें गेलें, असें विधान वारंवार वाचण्यांत येतें. मध्यंतरीं रत्नागिरीस एका स्नेह्यांच्या ओटीवर तें पुन्हां ऐकण्याचा योग आला. बोलणारे गृहस्थ विद्वान् होते व स्वतः कवळी लावीत होते. त्यामुळें त्यांच्या बोलण्यास द्विविध अधिकार प्राप्त झाला होता. तथापि विधान कितीही प्रिय असलें तरी त्याचा आधार पाहिल्यावांचून तें पदरीं घेऊं नये, या जुन्या शिस्तीस अनुसरून त्याचा जो शोध केला तो येथें मांडतों.

जयचंद्राचा पराभव चंदावरच्या लढाईंत हिजरी ५९०, म्हणजे इ. स. ११९४ मध्यें झाला. त्याच्या दांतांची हकीकत दोन ठिकाणीं सांपडते. पहिली मोसलचा इतिहासकार इब्न अल्-असीर याच्या ‘कामिल’ या अरबी ग्रंथांत, व दुसरी फरिश्त्याच्या तवारिखेंत. इब्न अल्-असीर हा इ. स. ११६० त जन्मला व १२३३ त वारला. म्हणजे लढाई झाली तेव्हां तो चौतीस वर्षांचा होता. तो हिंदुस्थानांत आलेला नव्हता हें खरें, पण काळानें तरी तो घटनेच्या निकट आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय इतकाच आहे कीं, राजाचें प्रेत कोणासही ओळखतां आलें नसतें. परंतु त्याचे दांत मुळाशीं ढिले झालेले असून ते सोन्याच्या तारेनें बांधलेले होते, त्यावरून ओळख पटली. फरिश्त्यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे घटनेनंतर चारशें वर्षांनीं लिहिलें. त्याच्या ग्रंथाचें ब्रिग्जनें १८२९ सालीं प्रसिद्ध केलेलें इंग्रजी भाषांतर आपल्याकडील लेखकांच्या हातीं विशेषेंकरून असतें, आणि त्यांत हेच दांत कृत्रिम होऊन सोन्याच्या साहाय्यानें बसविलेले असे दिसतात!

वाचकांनीं या दोन वाक्यांतील अंतर नीट लक्षांत घ्यावें. पहिल्यांत दांत राजाचे स्वतःचे आहेत. ते हलूं लागले म्हणून तारेनें एकमेकांस जखडले आहेत. दुसऱ्यांत दांत परके झाले. सोनें दोहोंकडे आहे, ओळख पटण्याचा प्रसंगही तोच आहे. फक्त मधल्या चार शतकांत फरिश्ता व त्याचे भाषांतरकार यांच्या हातीं राजाचे खरे दांत पडले व खोटे बसले. इतिहासांत असे दांत बसविण्याचें काम फार चालतें. समकालीन साधनाचा पुरावा उत्तरकालीन साधनापेक्षां बलवत्तर मानावयाचा हा नियम येथें लाविला, तर जयचंद्राच्या तोंडांत कवळी होती असें म्हणतां येत नाहीं. हलणारे दांत सोन्याच्या तारेनें बांधणारा कुशल कारागीर त्याच्या पदरीं होता, एवढेंच सिद्ध होतें. हेंही कांहीं थोडें नव्हे. आज हिरड्यांच्या विकारानें ढिले झालेले दांत तारेनें वा दुसऱ्या साधनानें शेजाऱ्यांस बांधून स्थिर करितात, त्याचेंच तें पूर्वरूप होय.

येथें कोंकणच्या वाचकास एक गोष्ट सांगावीशी वाटते. फरिश्ता विजापुरास इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या आश्रयानें लिहीत होता, आणि त्या काळीं दाभोळ बंदर व त्याभोंवतालचा मुलूख विजापूरच्याच अंमलाखालीं होता. तेव्हां राजाच्या खोट्या दांतांची ही कथा ज्या दरबारांत लिहिली गेली, त्याच दरबाराचा अंमल आमच्या या किनाऱ्यावर चालत होता.

प्रेताच्या किंवा जिवंत मनुष्याच्या ओळखीचा प्रश्न रत्नागिरीस अपरिचित नाहीं. पानिपतावर १७६१ त सदाशिवरावभाऊ पडले. त्यांचें म्हणून जें धड सांपडलें त्यास शिर नव्हतें, व तें अंगावरील खुणांवरून ओळखावें लागलें. शिर नाहीं तेथें दांतांची साक्ष कोठून मिळणार? त्या संशयाच्या फटींतूनच पुढें तोतया निघाला, तो पकडला जाऊन अखेर रत्नागिरीच्या किल्ल्यांत बंदींत पडला, आणि १७७६ त तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास सोडून त्याचाच पक्ष घेतला. तोतयानें पाहतां पाहतां कोंकणांतील अनेक किल्ले हस्तगत केले. शेवटीं आंग्र्यांच्या हातीं लागून त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यास त्यास देहांत शिक्षा झाली. हा तोतया कनोजा ब्राह्मण होता, जयचंद्र कनोजचा. या योगायोगांत कांहीं अर्थ नाहीं, पण लिहितांना तो डोळ्यांपुढें आल्यावांचून राहिला नाहीं.

आतां वैद्यकाकडे वळूं. सुश्रुतानें मुखरोगांची गणना करितांना दंतमूलाचे पंधरा व दांतांचे आठ रोग सांगितले आहेत. दांत उपटण्यासाठीं दंतशंकु नांवाचें शस्त्रही त्याच्या यादींत आहे. वरच्या जबड्याचा दांत हलत असला तरी वैद्यानें तो काढूं नये, कारण रक्तस्राव अतिशय होऊन डोळा जाण्याचें वा तोंड वांकडें होण्याचें भय असतें, असा त्याचा स्पष्ट इशारा आहे. इतकें सूक्ष्म पाहणारा हा ग्रंथकार दांत पडल्यानंतर त्याच्या जागीं दुसरा कसा बसवावा याविषयीं मात्र एक अक्षर लिहीत नाहीं. कापलेलें नाक नवें करण्याचा विधि तोच देतो. आणि ती विद्या इतकी टिकून राहिली कीं, टिपूवरील स्वारींत नाक गमावलेल्या कावसजी नांवाच्या बैलवाल्यास पुण्याकडील एका कारागिरानें नवें नाक करून दिल्याची हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ मासिकांत सचित्र छापली गेली. नाक करणारे होते, दांत करणारे नव्हते. असें कां व्हावें?

कोणी म्हणेल, हाड किंवा हस्तिदंत तोंडांत धरणें शास्त्रास संमत नव्हतें. हें कारण मला पुरेसें वाटत नाहीं. हाडाच्या व हस्तिदंताच्या वस्तूंची शुद्धि कशी करावी हें मनुस्मृतींतच सांगितलेलें आहे, म्हणजे त्या वस्तु सर्वस्वीं त्याज्य नव्हत्या. प्रेताच्या दांताची गोष्ट अर्थातच निराळी. युरोपांत १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या शिपायांचे दांत काढून ते श्रीमंतांच्या कवळ्यांत बसविण्याचा व्यापार चालला, व असल्या दांतांस पुढें त्या रणभूमीचेंच नांव पडलें. असला प्रकार आपल्याकडे कोणी मनांतही आणिला नसता. पण हस्तिदंताचा मार्ग मोकळा होता. जपानांत तर लांकडी कवळ्या होत असत. १५३८ त वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची लांकडी कवळी आजतागाईत राहिली आहे. अमेरिकेचा वॉशिंग्टन लांकडी दांत लावी असें जें म्हणतात तें मात्र खोटें. त्याच्या कवळ्या हस्तिदंताच्या, पाणघोड्याच्या दांताच्या, धातूच्या व मनुष्याच्या दांतांच्या होत्या. पाश्चात्यांच्याही राजपुरुषांच्या तोंडांत दंतकथा शिरतात, हें पाहून समाधान वाटतें.

माझ्या मतें खरें कारण ग्रंथांत शोधण्यापेक्षां स्वयंपाकघरांत शोधावें. रत्नागिरीकडील जुन्या घरांत म्हाताऱ्या माणसाच्या बसण्याच्या जागीं पानाचा डबा, अडकित्ता व त्याच्या शेजारीं लहानसा पितळी खलबत्ता असे. दांत गेलेल्या माणसाचा विडा त्यांत कुटला जाई: पान, चुना, कात व सुपारीची खांडें यांचा लगदा होईपर्यंत. हें काम बहुधा नातवंडांकडे असे. जेवणासही अडचण नव्हती. सकाळीं पेज, दुपारीं मऊ भात व कुळथाचें पिठलें, मधून मधून आंबोळी दुधांत भिजवून; आंबा तर चोखावयाचाच. ज्या प्रदेशाचें अन्न भात आहे व ज्या घरांत सून भात मऊ करावयास तयार आहे, तेथें दांतांवांचून मनुष्य वीस वर्षें सुखानें जगतो. भाकरीच्या मुलुखांत हें इतकें सोपें नाहीं. तोंडाचें बोळकें झालें हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत थट्टेचा असला तरी त्यांत लाज नाहीं. बोळकें हें घरांतलेंच भांडें.

दांत जाण्याचीं कारणें मात्र येथें मुबलक होतीं. सुपारीनें दांत झिजत, आणि मशेरीनें हिरड्या. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बायका दांतांस लावीत बसत. भाजतांना तिचा जो वास सुटे तो ज्यानें बालपणीं घेतला असेल तो विसरणार नाहीं. दांत स्वच्छ होतात अशी समजूत, व परिणाम नेमका उलट.

कवळी हा शब्दही मुळांत कृत्रिम दांतांचा नव्हे. विड्याच्या पानांच्या जुडीस कवळी म्हणतात, तशी दांतांच्या रांगेसही म्हणत. नवी वस्तु आली तेव्हां भाषेनें जुनाच शब्द तिला दिला. ती नवी वस्तु सामान्य माणसाच्या आवांक्यांत आली ती व्हल्कनाइट या घट्ट केलेल्या रबरामुळें. १८५१ त अमेरिकेंत या रबराच्या कृतीचें पेटंट झालें, आणि सोन्याच्या ऐवजीं रबराच्या तळावर चिनी मातीचे दांत बसवितां येऊं लागले. पेटंटाच्या मालकांनीं दंतवैद्यांस इतकें पिळलें कीं, १८७९ त सॅनफ्रान्सिस्को येथें एका दंतवैद्यानें कंपनीच्या खजिनदारास गोळी घातली! पुढें पेटंटाची मुदत संपली व रबराची कवळी जगभर पसरली. १९३७ च्या सुमारास अ‍ॅक्रिलिक आलें आणि त्यानें रबरास मागें सारलें. हिंदुस्थानांत दंतवैद्यकाचें पहिलें विद्यालय कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० त काढलें, मुंबईस नायर रुग्णालयाचें १९३३ त निघालें, आणि १९४८ च्या कायद्यानें दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली. तोंपर्यंत पाटी लावील तो दंतवैद्य, असाच प्रकार होता.

रत्नागिरीच्या माणसास कवळी हवी असली म्हणजे मुंबई गांठावी लागे. येथें रेल्वे आली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस; त्यापूर्वीं बराच काळ मार्ग आगबोटीचा, व तोही पावसाळ्यांत बंद. कवळी एका भेटींत होत नाहीं. आधीं उरलेसुरले दांत काढावयाचे, हिरड्या भरून येऊं द्यावयाच्या, मग ठसा, मग मेणांत जुळवाजुळव, मग खरी कवळी, आणि ती टोंचते तेथें घासून घेण्यासाठीं पुन्हां दोन खेपा. आमच्या एक आत्याबाई यासाठीं गिरगांवांत भाच्याकडे आगोटीपर्यंत राहिल्या होत्या. घासून घेण्याच्या खेपा शेवटच्या बोटीमुळें राहून गेल्या. ती तांबूस-काळी कवळी मीं लहानपणीं पाहिली आहे. कोनाड्यांत पितळी वाटींत पाण्यांत बुडविलेली असे. सोंवळ्यांत असतां त्या ती लावीत नसत, जेवतांना काढून ठेवीत, आणि लग्नकार्यास जातांना आठवणीनें लावीत. म्हणजे जें काम दांतांचें, त्यासाठीं ती कवळी कधींच वापरली गेली नाहीं. विडा अखेरपर्यंत खलबत्त्यांतच कुटला गेला.

यांत आत्याबाईंचा हट्ट नव्हता हें मला फार उशीरां कळलें. वरची कवळी टाळूवर लाळेच्या पातळ थरानें व घट्ट बसण्यानें धरून राहते. खालच्या कवळीस तेवढी बैठक नसते, व जीभ तिला सारखी उचलते. शिवाय दांत गेले कीं जबड्याचें हाड वर्षानुवर्षें झिजत जातें, त्यामुळें आज बेताची बसलेली कवळी कांहीं वर्षांनीं ढिली होते व तिचा तळ नवा करावा लागतो. त्या काळीं हें त्यांस कोणी समजावून सांगितलें नाहीं. कवळी सोसत नाहीं हा आपलाच दोष असें त्या शेवटपर्यंत मानीत राहिल्या.

आतां पर्याय वाढले आहेत. दोन-चार दांत गेले असल्यास आंकड्यांनीं अडकणारी अर्धी कवळी, किंवा शेजारच्या दांतांस टोप्या चढवून मध्यें सांधलेला पूल. आणि १९६५ त स्वीडनमध्यें ब्रोनेमार्क यानें प्रथम केलेला, जबड्याच्या हाडांत टिटॅनियमचा मळसूत्री खिळा रोंवून त्यावर दांत चढविण्याचा उपाय. हा सर्वांत पक्का व सर्वांत महाग. रत्नागिरी जिल्ह्यांतच खेड येथें आज दंतवैद्यकाचें महाविद्यालय आहे; बोटीची वाट पाहण्याचें कारण उरलेलें नाहीं.

या विषयाचीं साधनें राजकीय दप्तरांत क्वचितच मिळावयाचीं. तीं घरगुती जमाखर्चाच्या वह्यांत, मुंबईहून आलेल्या पत्रांत व जुन्या औषधांच्या टिपणांत असणार. ज्यांच्या घरीं सन १९५० पूर्वीच्या वह्यांत दांतांसाठीं, सोन्याच्या तारेसाठीं किंवा कवळीसाठीं खर्च पडल्याची नोंद असेल, त्यांनीं तिची तारीखवार नक्कल मंडळाकडे पाठविण्याची कृपा करावी. वही मूळ पाठविल्यास नक्कल करून ती परत केली जाईल.