अंतरिम पोटगी : आव्हान म्हणजे स्थगिती नव्हे

देवणीचे नाव निघाले की लोकांना देवणी वळू आठवतो. मला न्यायालयाच्या आदेशाची एक चुरगळलेली नक्कल आठवते. आपल्याच वस्तीतली एक लेक ती घेऊन माझ्याकडे आली होती. अंतरिम पोटगी मंजूर होऊन वर्ष होत आले होते. हाती छदाम नव्हता. नवऱ्याने सांगितले होते, 'मी वरच्या कोर्टात गेलोय, निकाल लागेपर्यंत पैसा मागायचा नाही.' तिने ते खरे मानले. नवरा जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरणारा. म्हणून हा इतिहास सांगणे मला भाग आहे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचे ४८८ वे कलम होते. १ एप्रिल १९७४ पासून नव्या संहितेचे १२५ वे कलम आले. कमाल पोटगी महिना ५०० रुपये. पण मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत बाईने खायचे काय? संहिता गप्प होती. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अंतरिम पोटगी देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहेच. २००१ च्या दुरुस्तीने तो कायद्यात लिहिला गेला, ५०० ची मर्यादा उठली आणि अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे ठरले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे.

या आदेशाला आव्हान देता येते काय? निव्वळ मधल्या आदेशाविरुद्ध पुनरीक्षण अर्ज चालत नाही. परंतु अंतिम नसलेला प्रत्येक आदेश निव्वळ मधलाच नसतो, असे मधू लिमये खटल्यात १९७७ साली ठरले. त्याच आधाराने अनेक न्यायालयांनी पोटगीवरचे असे अर्ज ऐकले. तो हक्क आम्ही नाकारत नाही. रोजगारी मजुराची कमाई फुगवून धरली गेली तर त्याने दाद मागावी. रक्कम तुटपुंजी असेल तर बाईनेही मागावी.

मात्र नुसता अर्ज दाखल झाला म्हणून आदेश थांबत नाही. स्थगिती वेगळी मिळवावी लागते. आणि थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट हवे तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'निकाल लागू दे' या तीन शब्दांत आमच्या लेकीचे महिने एकेक करून बुडत होते.

नागपूरचा खटला पाहा. २०१५ साली कुटुंब न्यायालयाने पत्नीला १५,००० आणि मुलाला १०,००० रुपये अंतरिम पोटगी दिली. पती उच्च न्यायालयात हरला, सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी आदेश कायम झाला. त्याच निकालाने दोन्ही पक्षांनी मिळकतीचे शपथपत्र देणे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरणे सर्वत्र लागू केले. पण तिथवर पाच वर्षे गेली. देवणीच्या शेतमजूर बाईला लातूरची एक तारीख म्हणजे एक बुडालेला रोज. १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ बसले तेव्हा मुंबईची वाट वाचली. औरंगाबादची वाट तरी तिला कुठे परवडते?

बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिलाची अडवणूक हे एक मोठे कारण होते. स्त्रीच्या हक्कासाठी त्यांनी खुर्ची सोडली. त्यांचे नाव घेणाऱ्याला महिन्याचे पैसे सुटत नसतील, तर तो कोणत्या तोंडाने जयभीम म्हणतो? त्या लेकीने थकबाकीचा अर्ज वर्ष भरायच्या आत टाकला. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ही मुदत पाठ हवी.