व्हायकिंग सिनेमे: कुऱ्हाड जोरात चालते, पण गडबड नेमकी कुठे होते?

'द नॉर्थमन'चा ट्रेलर आला तेव्हा त्यात घोड्यावर बसून किंचाळणारी एक वाल्किरी दिसली. वाल्किरी म्हणजे रणांगणावर पडलेल्या वीरांना घेऊन जाणारी, नॉर्स पुराणातली योद्धा स्त्री. लोकांनी तो सीन पॉज करून पाहिला आणि विचारलं, हिच्या दातांना ब्रेसेस कशा काय?

त्या ब्रेसेस नव्हत्याच. व्हायकिंग काळातल्या काही सांगाड्यांच्या पुढच्या दातांवर मुद्दाम घासून पाडलेल्या आडव्या खाचा सापडल्या आहेत. दिग्दर्शक रॉबर्ट एगर्सच्या टीमनं तशाच खाचा वाल्किरीला दिल्या. म्हणजे अभ्यास करून दाखवलेली गोष्टच लोकांना खोटी वाटली. या सिनेमांची अर्धी गोची इथेच आहे. व्हायकिंग कसा दिसतो हे आपण आधीच ठरवून बसलोय, आणि ते ठरवलंय मागच्या सिनेमांनी आणि नाटकांनी.

शिंगं आली कुठून?

सगळ्यात मोठं उदाहरण शिंगांच्या शिरस्त्राणाचं. व्हायकिंग युग साधारण ७९३ ते १०६६ असं मानलं जातं. या काळातलं सगळ्यात प्रसिद्ध शिरस्त्राण १९४३ साली नॉर्वेत यरमुंडबू इथं सापडलं. गोल टोपी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखं कवच, शिंगं नाहीत. डेन्मार्कमध्ये शिंगांची शिरस्त्राणं मिळाली आहेत, पण ती कांस्ययुगातली, व्हायकिंगांच्या दीडेक हजार वर्षं आधीची. आपल्या डोक्यात बसलेली शिंगं मात्र १८७६ मध्ये वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लर या वेशभूषाकारानं केलेल्या पोशाखांतून पसरली.

बरं, गंमत अशी की कर्क डग्लसच्या १९५८ च्या 'द व्हायकिंग्ज'नं शिंगं टाळली होती. २००७ च्या 'पाथफाइंडर'नं ती परत आणली. म्हणजे काळ पुढे गेला की सिनेमा सुधारतोच, असं काही नाही.

दुसरी खोड रंगांची. हल्लीच्या कुठल्याही व्हायकिंग सिनेमात आभाळ राखाडी, कपडे तपकिरी आणि माणसं चिखलात माखलेली. प्रत्यक्षात त्या लोकांना लाल, निळे रंग वापरता येत होते. १८८० मध्ये नॉर्वेत सापडलेल्या गोकस्टाड जहाजावर ६४ ढाली होत्या, काळ्या आणि पिवळ्या रंगवलेल्या. त्यांच्या वस्त्यांमध्ये आणि थडग्यांत कंगवे तर ढिगानं मिळतात. पण विंचरलेले केस आणि पिवळी ढाल दाखवली तर प्रेक्षक म्हणणार, हा कसला व्हायकिंग!

मग 'द नॉर्थमन' काय वेगळं करतो?

२०२२ चा हा सिनेमा ॲमलेथच्या दंतकथेवर आधारलेला आहे. बापाचा खून करणारा काका, त्याच्याशी लग्न करणारी आई आणि सूड घ्यायला निघालेला मुलगा. ओळखीचं वाटतंय? साहजिक आहे. डेन्मार्कच्या सॅक्सो ग्रामॅटिकसनं १२०० च्या आसपास लॅटिनमध्ये लिहून ठेवलेली हीच कथा पुढे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'पर्यंत पोचली. आणि 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' हे मराठी रूप गोपाळ गणेश आगरकरांनी केलं, १८८३ मध्ये.

एगर्सनं आइसलँडचा कवी आणि कादंबरीकार शॉन याच्याबरोबर पटकथा लिहिली आणि पुरातत्त्वज्ञ नील प्राइसचा सल्ला घेतला. खरी ताकद दिसते ती गावावरच्या हल्ल्याच्या सीनमध्ये. लांडग्याची कातडी पांघरलेले योद्धे कुंपण ओलांडून आत घुसतात आणि कॅमेरा बराच वेळ कट न घेता त्यांच्यामागे चालत राहतो. नायक हवेतून येणारा भाला पकडून उलटा फेकतो, हा प्रकार थेट आइसलँडच्या 'न्याल सागा'तून आलाय. इथपर्यंत शिट्ट्या मारायला हरकत नाही. पण त्यानंतर उरलेल्या गावकऱ्यांना एका झोपडीत कोंडून आग लावली जाते, धडधाकट माणसं गुलाम म्हणून विकायला निघतात, आणि आपला नायक काहीच करत नाही. इथं सिनेमा माफी मागत नाही की समजावूनही सांगत नाही. लुटीवर आणि गुलामांच्या व्यापारावर उभं असलेलं जग त्या जगाच्याच नजरेतून दाखवतो.

हेच त्याचं दुखणंही आहे. प्रेम करावं असं पात्र फारसं सापडत नाही, विनोद जवळपास नाही, आणि मधला शेतावरचा भाग लांबतो. खर्च ७ ते ९ कोटी डॉलर सांगितला जातो आणि जगभरची तिकीटविक्री साधारण ७ कोटींची. थिएटरवाल्यांचा वाटा गेल्यावर हा हिशोब थिएटरमध्ये जमत नाही.

उलट टोकाचं उदाहरण १९९९ चा 'द थर्टीन्थ वॉरियर'. अहमद इब्न फदलान हा बगदादहून निघालेला खराखुरा प्रवासी. ९२२ च्या सुमारास व्होल्गाकाठी त्याला 'रुस' लोक भेटले आणि त्यानं त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. मायकल क्रायटननं ते 'बेओवुल्फ'च्या राक्षसकथेला जोडून कादंबरी केली, त्यावरून हा सिनेमा. यातली चिलखतं वेगवेगळ्या शतकांतून गोळा केल्यासारखी आहेत. निर्मितीत इतके घोळ झाले की क्रायटननं स्वतः काही भाग पुन्हा शूट केला आणि संगीतकारही बदलला गेला. तरीही शेकोटीभोवतीचा एक सीन अप्रतिम आहे. अहमद रोज रात्री त्या लोकांची बडबड ऐकत बसतो, हळूहळू एकेक शब्द कळू लागतो, आणि एके रात्री तो त्यांच्याच भाषेत टोमण्याला उत्तर देतो. तलवार न उपसता पात्र उभं राहतं.

ड्रॅगन, जादू आणि व्हीएफएक्स

फँटसीत इतिहासाची चूक काढता येत नाही, पण लढाई कळली तर पाहिजे. 'द टू टॉवर्स'मधली हेल्म्स डीपची लढाई अजून का चालते? कारण भिंत कुठे आहे, पाणी जायचं भोक कुठे, दरवाजा किती वेळ टिकेल, हे आपल्याला आधीच माहीत असतं. गाय रिचीच्या २०१७ च्या 'किंग आर्थर'मध्ये राक्षसी हत्ती आहेत, झपाट्याचं एडिटिंग आहे, पण शेवटची मारामारी व्हिडिओ गेमसारखी वाटते. १७.५ कोटी डॉलरचा खर्च, कमाई १५ कोटींच्या आत. सहा सिनेमांची मालिका ठरली होती, ती पहिल्यावरच आटोपली.

यापेक्षा गंभीर मुद्दा पडद्याबाहेरचा आहे. 'शुद्ध गोऱ्या वंशाचे योद्धे' म्हणून व्हायकिंगांची चिन्हं वापरणारे कट्टर उजवे गट युरोप-अमेरिकेत आहेत, आणि अशा सिनेमांतल्या फ्रेम त्यांना आयत्या मिळतात. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या ४४२ प्राचीन सांगाड्यांच्या जनुकीय अभ्यासानं मात्र या लोकांत बरीच सरमिसळ असल्याचं दाखवलं. स्वीडनमधल्या हेल्गो इथल्या उत्खननात तर भारतीय उपखंडाच्या वायव्येकडून गेलेली बुद्धाची छोटी कांस्यमूर्ती सापडली आहे. असा लांबचा व्यापार पडद्यावर क्वचितच दिसतो, कारण तराजूपेक्षा कुऱ्हाड फोटोजेनिक आहे.

पहिल्यांदाच बघणार असाल तर 'द थर्टीन्थ वॉरियर'पासून सुरुवात करा, मग 'द नॉर्थमन'. दुसरा लहान मुलांसमोर लावू नका. त्यांच्यासाठी 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' आहे, फक्त त्यात शिंगांची हौस पुरेपूर भागवलेली आहे.