सव्वासहा पैशांचा आणा

नाण्यांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सातवाहनांची नाणी नाहीतर शिवाजी महाराजांचा होन उभा राहतो. मला बोलावयाचे आहे ते भाजीवालीच्या कनवटीच्या नाण्यांविषयी.

रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पया. ही रचना आज विचित्र वाटेल. पण सोळाचे निम्मे आठ, आठाचे चार, चाराचे दोन. अधेली, पावली, चवली अशी नाणी मोडीत गेले तरी अपूर्णांक आडवा येत नसे. पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाला कागद-पेन्सिल कशाला हवी?

१९५५ साली संसदेने नाण्यांचा कायदा दुरुस्त केला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. नाणी घडविताना निरक्षर माणसाची आठवण ठेवली होती, हे मान्य केले पाहिजे. नव्या पैशावर ‘रुपये का सौवाँ भाग’ अशी अक्षरे होती खरी. पण ओळख पटे ती बोटांना. पाच पैसे चौकोनी, दोन आणि दहा पैसे नागमोडी कडेचे, पंचवीस गोल. युक्ती जुनीच. १९०७ पासून आण्याची कडा नागमोडी होती.

घोडे अडले ते हिशेबात. शंभराला सोळाने भागले की येतात सव्वासहा! कायद्याने सांगितले, एका व्यवहारातील रक्कम जवळच्या नव्या पैशापर्यंत न्यावी. नेमका अर्धा आला तर तो सोडावा. म्हणून एका आण्याचे ६, दोनांचे १२, तिहींचे १९, चारांचे २५. इथवर गिऱ्हाइकाचे काही बिघडत नाही. पण जुन्या एका पैशाचे किती? दीडाहून किंचित अधिक, म्हणजे २! रुपयाचा माल एकदम नेणारा १०० नवे पैसे मोजी. तोच माल पैशापैशाने चौसष्ट वेळा नेणाऱ्याने नव्या नाण्यांत दाम चुकते केले, तर त्याला १२८ पडत. कायदा दोघांनाही एकच होता. चिमूटभर मीठमसाला रोजच्या रोज नेणाऱ्या बाईला ही त्रैराशिके कोण समजावणार?

१ जून १९६४ रोजी ‘नवा’ हा शब्द गळाला आणि नुसता पैसा उरला. आणा मात्र लोकांच्या तोंडून गेला नाही. पंचवीस पैशांच्या नाण्याला ते ‘चार आणे’च म्हणत राहिले, २०११ च्या जूनअखेर ते नाणे चलनातून काढून घेईपर्यंत.