दिव्याखालचे रंग

नेरूळला आमच्या सोसायटीच्या बागेत एक बिडाचा दिवा उभा आहे. पुरुषभर उंचीचा खांब, त्यावर उठावाची वेलबुट्टी आणि वर चार काचांचा कंदील. माझे अब्बा माझगावच्या एका कारखान्यात रंगारी होते. चोरबाजारातल्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी तो घेतला आणि महाडजवळच्या आमच्या गावी अंगणात रोवला. पुढे गावचे घर विकले, तेव्हा भावंडांनी पलंग, कपाटे, तांब्याची भांडी वाटून घेतली. दिवा कुणालाच नको होता. मी तो टेम्पोत घातला आणि नेरूळला आणला.

दिवा पुन्हा नवा करावा, म्हणून तुर्भ्याच्या एका मिस्त्रींकडे नेला. त्यांनी खांबावर तळहाताएवढी जागा हळूहळू घासली. वर चंदेरी रंग होता. त्याखाली काळा निघाला, त्याखाली गडद हिरवा आणि सगळ्यांत खाली, लोखंडाला चिकटलेला शेंदरी. मिस्त्री म्हणाले, "काका, यातला कुठला रंग तुमच्या दिव्याचा? तो सांगा, म्हणजे तसा करू."

मला उत्तर देता आले नाही. दिवा तिथेच ठेवून मी घरी आलो आणि असल्या दिव्यांचा मुंबईतला इतिहास वाचायला बसलो.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८६५च्या ऑक्टोबरमध्ये. एस्प्लनेडचा काही भाग, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार इथून सुरुवात झाली. त्या संध्याकाळी दिवे लावणारा माणूस एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जाऊ लागला, तशी बघ्यांची गर्दी त्याच्या मागोमाग चालू लागली आणि तो नवा चमत्कार डोळे विस्फारून पाहू लागली. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे आले. पण त्याआधीच गॅसचे खांब रस्त्यांवर उभे राहिले होते.

असे खांब तेव्हा बिडाचे असत. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले की बीड तयार होते. लाकडाचा एक नमुना कोरला की त्यावरून हवे तेवढे साचे करता येतात. त्यामुळे विलायतेतल्या ओतशाळा दिवे, कारंजी, कठडे, जिने यांची चित्रे छापून जाडजूड सूचीपुस्तके काढत आणि जगभरातून मागण्या घेत. ग्लासगोची सॅरासेन फाउंड्री त्यासाठी प्रसिद्ध होती. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा तर अख्खा लोखंडी सांगाडाच १८६०च्या दशकात इंग्लंडहून बोटीने आला.

याच काळातला एक दिवा आजही मुंबईत पाहता येतो. धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमाच्या चौकात १८६७ साली एक भव्य बिडाचे कारंजे उभारले गेले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर सेमूर फिट्झगेराल्ड यांचे नाव त्याला दिलेले होते. ते कारंजेही होते आणि दिवाही. ते ओतले गेले इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन गावी, बारवेल यांच्या ओतशाळेत. त्याचे जुळे भावंड त्याच गावाच्या बाजारचौकात १८६३ पासून उभे होते.

पुढे शंभरेक वर्षांनी दोन्ही भावंडांवर संकट आले. नॉर्दम्प्टनचे कारंजे १९६२ मध्ये पाडून टाकण्यात आले. मुंबईचे कारंजेही त्याच दशकात वाहनांना अडथळा होते म्हणून चौकातून काढले गेले. पण आपल्याकडे ते भंगारात गेले नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून असलेल्या संग्रहालयाच्या, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात त्याला आसरा मिळाला. चौकातला दिवा बागेतला दिवा झाला. काही वर्षांपूर्वी मुंबई महानगरपालिकेने तो परत मेट्रोच्या चौकात, आपल्या मूळ जागी नेला. ज्या गावात त्याचा जन्म झाला तिथले भावंड नाहीसे झाले, परमुलखात आलेले मात्र टिकले. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला या गोष्टीचे नवल वाटत नाही. इथे आम्ही बहुतेक सगळे कुठून तरी उचलून आणून रोवलेलेच आहोत.

आता मिस्त्रींच्या प्रश्नाकडे येतो. बिडाला हवा आणि पाणी एकत्र लागले की गंज धरतो. खाडीकाठच्या खारट हवेत तर घासून उघडे केलेले लोखंड एका रात्रीत तांबूस होते. म्हणून घासल्या दिवशीच अस्तराचा हात द्यावा लागतो. रंग म्हणजे लोखंडाचा रेनकोट. पूर्वी या रेनकोटाचे अस्तर शेंदरी असे, कारण त्यात शिशाची भुकटी असायची. ती गंज उत्तम रोखते. पण तिची धूळ श्वासातून किंवा हाताला लागून पोटात गेली तर विषारी, लहान मुलांना विशेषच. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आली ती २०१७च्या नोव्हेंबरपासून. तेव्हा जुना दिवा घरी असेल तर तो कोरडा घासू नका. पाणी लावून, तोंडाला मास्क बांधून, मुलांपासून दूर घासा. धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्या. तारेचा ब्रश लावलेले यंत्र तर मुळीच चालवू नका. आणि हातोडा जपून. बीड वाकत नाही, तडकते, आणि त्याला वेल्डिंगही सहजी धरत नाही.

हे सगळे ठीक. पण रंग कुठला द्यायचा? मूळ रूप परत आणायचे तर हिरवा द्यायला हवा होता, असे मलाही वाटत होते. फिट्झगेराल्डचे कारंजे मूळ जागी गेले, मग आपल्या दिव्याने मूळ रंगाकडे का जाऊ नये? पण त्या कारंज्याची जागा ठाऊक होती, साल ठाऊक होते, नाव ठाऊक होते. माझा दिवा चोरबाजारात येण्याआधी कुणाच्या बंगल्यात होता, कुठल्या फाटकाशी उभा होता, याचा काहीच पत्ता नाही. हिरवा रंग देऊन मी त्याला कुठल्या घरी परत पाठवणार होतो?

त्याचे एकच घर मला माहीत आहे. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी, अब्बा सुट्टी काढून गावी येत. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, उंबऱ्याशी बसून चंदेरी रंग ढवळत आणि दिव्याला एक हात देत. उरलेला रंग ते माझ्या नखांना लावत. कारखान्यात आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या वस्तू रंगवल्या. स्वतःची म्हणून रंगवलेली वस्तू ही एवढीच. आणि तोच थर मी 'नंतरचा' म्हणून खरवडायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना म्हटले, चंदेरीच द्या. गंज होता तिथेच घासा, आणि काल उघडलेली ती तळहाताएवढी जागा रंगवू नका, वरून नुसते पारदर्शक वार्निश मारा. मिस्त्री हसले, पण त्यांनी तसेच केले.

सोसायटीतले काही लोक म्हणतात, काळा दिला असता तर अधिक अँटिक दिसला असता. असेल. मुलांना मात्र तो चांदीचाच वाटतो. संध्याकाळी दिवा लागला की ती खांबाभोवती जमतात आणि वार्निशखालच्या त्या चौकोनातले रंग बोटाने मोजतात. चार भरतात. मग त्यातला एखादा मुलगा विचारतो, आता पाचवा कोण देणार?